जुनी भीती, नवा मुखवटा

भयपटाच्या पुनर्निर्मितीचा, म्हणजे ज्याला सर्रास ‘रीमेक’ म्हटले जाते त्याचा, प्रश्न इतर चित्रपटांच्या पुनर्निर्मितीहून अधिक बिकट आहे. कारण प्रेमकथेची गोडी शेवट ठाऊक असूनही टिकते, भयकथेचा निम्मा प्राण मात्र पुढे काय घडणार हे ठाऊक नसण्यात असतो. ज्या रसिकाने एखादा जुना भयपट मनात जपलेला असतो, त्याला तो नव्या पिढीपर्यंत पोहोचावा असे वाटते आणि त्याला कोणी हात लावू नये असेही वाटते. या द्विधेचा विचार येथे पूर्वपक्ष (आधी मांडलेली शंका) आणि उत्तरपक्ष (त्या शंकेचे परीक्षण) या शास्त्रीय पद्धतीला अनुसरून, रसिक आणि चिकित्सक यांच्या संवादातून केला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या दादासाहेब फाळके स्मारकाच्या आवारात हा संवाद घडतो असे कल्पिले असून, त्या स्थळाचे प्रयोजन ओघात स्पष्ट होईल.

रसिक : महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातला तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला होता. त्याच्या हालचालींत एक अडखळलेपणा होता आणि अंगावर काटा यायचा तो त्यामुळेच. कारण निर्जीव वस्तूत जीव शिरला तर तो असाच अडखळत शिरेल, असे पाहणाऱ्याला पटत असे. तोच बाहुला उद्या संगणकाच्या करामतीने सफाईदार चालू लागला, तर चित्र सुधारेल आणि भीती मात्र निघून जाईल.

चिकित्सक : आपली चिंता रास्त आहे, परंतु ज्याला आपण मूळ म्हणता, तेही पूर्णपणे मूळ नाही. मरणारा गुन्हेगार मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटातली आहे. मराठीत येताना ती बोलक्या बाहुल्यांच्या खेळाशी, म्हणजे ओठ न हलवता बाहुलाच बोलतो असा भास निर्माण करणाऱ्या शब्दभ्रमकलेशी जोडली गेली, तिला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा विनोद आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज मिळाला आणि ती इथलीच होऊन गेली. उसनवारी हाच दोष मानायचा असेल, तर तो आपल्या आवडत्या चित्रपटापासूनच मोजावा लागेल.

रसिक : ते मान्य, पण तेथे रोप दुसऱ्या मातीत लावले होते, आणि आताच्या पुनर्निर्मितीत त्याच कुंडीला नवा रंग दिला जातो. शिवाय दारामागे कोण उभे आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला दुसऱ्यांदा कसे घाबरवणार?

चिकित्सक : येथे दचकणे आणि भिणे यांत भेद करायला हवा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी टिकून असणारी वृत्ती, भय ही सांगितली आहे. दचका हा क्षणिक असतो आणि माहितीने तो संपतो, भय मात्र माहितीने संपतेच असे नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो, त्यात देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्री सोंगे नाचवली जातात. सोंगे ठरलेली, मुखवट्यामागचा माणूस गावातलाच, तरीही त्राटिका अंगावर चाल करून आली की पोर आईच्या पदराआड दडते.

रसिक : पुनरावृत्तीत एवढे बळ असेल, तर ‘सायको’चे काय झाले? हिचकॉक यांचा १९६० चा चित्रपट गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये जवळजवळ दृश्यागणिक तसाच चित्रित केला, आणि तरीही तो बहुतेकांना थंडच वाटला.

चिकित्सक : कारण, बोहाड्याच्या भाषेत सांगायचे तर, त्यात मुखवटा आला, पण त्याला भिणारा समाज आला नाही. नायिका अर्ध्या चित्रपटात मरणार नाही, ही १९६० च्या प्रेक्षकाची खात्री हिचकॉक यांनी मोडली होती. १९९८ च्या प्रेक्षकाकडे ती खात्रीच उरलेली नव्हती. म्हणून निष्ठा दृश्यांशी ठेवून भागत नाही. आज कोणती खात्री मोडली म्हणजे माणूस हादरेल, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. विशाल फुरिया यांनी आपल्याच ‘लपाछपी’ या मराठी भयपटाची ‘छोरी’ (२०२१) या नावाने हिंदीत पुनर्निर्मिती केली. उसाच्या फडात अडकलेली गरोदर स्त्री आणि तिच्याभोवतीची स्त्रीभ्रूणहत्येची छाया ही भाषा बदलूनही जिवंत राहिली, कारण ज्या अपराधातून ती भीती जन्मली तो अपराध मराठी मुलखापुरता नव्हता.

रसिक : नेमकी तेथेच खरी धास्ती आहे. हिंदी चित्रपट दूरवर पोहोचतो आणि मराठी चित्रपट त्याच्या सावलीत जातो. त्यापेक्षा जुनाच चित्रपट पुन्हा पडद्यावर का आणू नये? ‘तुंबाड’ (२०१८) सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. आणि ज्या फाळक्यांच्या स्मारकात हा वाद चालला आहे, त्यांचाच दाखला पुरेसा आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली. मूळच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच दोन रिळे आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही १९१३ ची नसून १९१७ च्या आवृत्तीची आहेत. पहिला चित्रपट म्हणून जो दाखवला जातो, तो कदाचित त्याचा रीमेक असेल.

चिकित्सक : या दाखल्यापुढे उत्तरपक्षाला एक पाऊल मागे घ्यावे लागते. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’ (१९२२) या जर्मन भयपटाच्या प्रती ‘ड्रॅक्युला’ कादंबरीच्या स्वामित्वहक्काच्या भंगापायी नष्ट करण्याचा आदेश न्यायालयाने दिला होता; काही प्रती वाचल्या, म्हणूनच हर्झोग यांची १९७९ ची आणि एगर्स यांची २०२४ ची आवृत्ती मुळाशेजारी ठेवून पारखता येते. मूळ हाती असेल तर पुनर्निर्मिती हे भाष्य ठरते, आणि ते हरवले तर तीच त्याच्या जागी जाऊन बसते.

यावरून जो सिद्धान्त, म्हणजे वादाअंतीचा निर्णय, हाती येतो तो असा की, नव्या आवृत्तीने आपल्या काळाचे भय शोधावे ही तिची कलात्मक अट होय. आणि जुन्या चित्रपटाची प्रत दुरुस्त होऊन पाहणाऱ्यांना उपलब्ध राहावी, ही तिच्या निर्मात्यांवरील नैतिक अट होय. या दोन्ही अटी पाळल्या गेल्या, तर रसिकाच्या धास्तीचा मोठा भाग निवळतो. सगळा मात्र निवळत नाही. नवी आवृत्ती आधी पाहणाऱ्या मुलाला तीच मूळ वाटेल, आणि त्याला दोष देणे रसिकाला कठीण जाईल, कारण ज्या मराठी प्रेक्षकाने तात्या विंचूला आधी पाहिले, त्याला अमेरिकी बाहुला पुढे भेटला तेव्हा तो तात्याची नक्कल वाटला होता.