विचारांची किंमत

जुन्नर, नारायणगाव, मंचर अशा बाजारपेठांत सकारात्मक विचारांची लहान-लहान पुस्तके सर्रास मिळतात. शंभर-सव्वाशे पाने, चकचकीत मुखपृष्ठ. दहावी-बारावीची मुले ती हौसेने घेतात. “सर, घेऊ का?” असे माझे विद्यार्थीही विचारतात. प्रश्न दीडशे रुपयांचा वाटतो; पण खरी किंमत वेगळीच आहे.

या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. १८५९ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ निघाले. त्याचा भर कष्टांवर आणि चिकाटीवर होता. १९५२ साली अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी सकारात्मक विचारांचे सामर्थ्य सांगितले. २००६ साली आलेल्या ‘द सीक्रेट’ने तर कळस गाठला. माणसाच्या वाट्याला जे येते ते त्याच्या विचारांनीच ओढून आणलेले असते, असा त्याचा दावा. दीडशे वर्षांत कष्ट मागे पडले आणि नुसता विचार पुढे आला.

हा दावा जरा उलटा करून पाहा. सुख विचारांनी येत असेल, तर दुःखही विचारांनीच आले म्हणावे लागेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आपल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. त्यांनी असा कोणता वाईट विचार केला होता? टोमॅटोचा भाव पडून ज्याचे कर्ज थकले, त्या शेतकऱ्याला ‘तुझी वृत्तीच नकारात्मक’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? जे पुस्तक दुःखी माणसालाच गुन्हेगार ठरवते, ते फुकट मिळाले तरी महाग आहे.

विज्ञानाचा अनुभवही विचार करायला लावणारा आहे. २००९ साली जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कॅनडातील संशोधन प्रसिद्ध झाले. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता, त्यांना स्वतःविषयीचे चांगले वाक्य घोकून अधिकच वाईट वाटले. म्हणजे औषधाची गरज ज्यांना जास्त, त्यांनाच ते बाधले.

मग छोटी पुस्तके सगळी टाकाऊ का? तसे नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी दुःखनिवारणावर एक छोटासाच ग्रंथ लिहिला. जहाजातले प्रवासी वाटेत एका बेटावर उतरतात. काही जण फुले, दगड, शिंपले गोळा करण्यात रमतात. परतल्यावर त्यांना बसायला नीट जागा उरत नाही आणि जमवलेले ओझे मात्र सोडवत नाही. असा दृष्टान्त त्यात आहे. मागाल ते मिळेल, असे अल-किंदी म्हणत नाहीत. हातातून जाणारच आहे त्यावर किती जीव लावायचा, हे ते शिकवतात.

आपल्याकडे तवक्कुल हा शब्द रोज वापरला जातो. पण आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात उमेद आहे, आणि दोरीही आहे. पुष्कळशा पुस्तकांनी उमेद ठेवली आणि दोरी सोडून दिली.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, पुस्तक घेण्याआधी दोन पाने चाळा. संकटात सापडलेल्या शेजाऱ्यासमोर ती मोठ्याने वाचायची तुम्हाला लाज वाटणार नसेल, आणि ती वाचून उद्या करायचे एखादे काम सुचत असेल, तर खुशाल घ्या. नाहीतर त्याच पैशांत वही आणि पेन येते.