सुतकातले गाणे

दिवाळी जवळ आली की आमच्या चेंबूरच्या इमारतीत एक मुकी मोजदाद सुरू होते. यंदा कोणाच्या घरी फराळ व्हायचा नाही, याची. ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेले, त्या घरी कढई चढत नाही, दाराशी आकाशकंदील लागत नाही. म्हणून त्या घरात करंजी-चकली जात नाही असे मात्र समजू नका. ती चार घरांतून येते, आणि इतरांकडे जाते त्यापेक्षा अंमळ जास्तच येते. नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो सर्वांना ठाऊक आहे. दुःखाच्या घराने गोड करू नये, आणि शेजाऱ्याने ते पोचवल्याशिवाय राहू नये.

लहानपणी मला यात मोठी विसंगती वाटे. खायचेच असेल तर करायला काय हरकत? आणि करायचे नसेल तर खायचे तरी कशाला? आईला विचारले तर ती म्हणे, “तुला नाही कळायचे.” ते मला चाळिशी ओलांडल्यावर कळले, आणि तेही एका इंग्रजी वाद्यवृंदामुळे. चकलीचा आणि इंग्रजी गाण्याचा संबंध काय, असे आपण विचाराल. तेव्हा सगळे पहिल्यापासून सांगतो.

कॉलेजात असताना आम्हां तिघा मित्रांना जेथ्रो टल या मंडळींचे वेड लागले. जेथ्रो टल हा मुळात अठराव्या शतकातला एक इंग्रज शेतकरी. बी पेरण्याच्या यंत्राबद्दल त्याचे नाव तिकडे घेतात. आमच्याकडची तिफण त्याच्या कितीतरी आधीची, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावे! असो. १९६७-६८ च्या सुमारास इंग्लंडात काही तरुणांनी आपल्या ताफ्याला या शेतकऱ्याचे नाव दिले. तीन मिनिटांचे गाणे अपुरे पडते असे वाटणाऱ्या तिकडच्या वादकांची ती पिढी. कोणी अभिजात संगीतातून घ्यावे, कोणी लोकगीतांतून. मधेच ताल बदलावा, एकाच कल्पनेचा विस्तार करीत राहावे, असा त्यांचा खाक्या. या प्रकाराला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असे नाव पडले. १९७२ मध्ये टल मंडळींनी ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ नावाची तबकडी काढली. तिच्या दोन्ही बाजू मिळून गाणे एकच, सुमारे ४४ मिनिटांचे. लोकांना त्याचा अचंबा वाटला. ख्याल ऐकणाऱ्या घरात वाढलेल्या मला तो वाटला नाही. आमच्यातला एक मित्र तमिळ घरातला, चेंबूरच्या फाईन आर्ट्स सोसायटीतल्या कचेऱ्या ऐकत मोठा झालेला. त्यालाही वाटला नाही. आम्हांला अप्रूप होते ते बासरीचे. या ताफ्याचा म्होरक्या इयन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. आम्ही त्याला ‘विलायतेचा मुरलीधर’ म्हणत असू. हार्बरच्या गाडीने व्ही. टी.ला जायचे, तिथून चालत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस गाठायचे आणि तिघांत मिळून एक कॅसेट विकत घ्यायची, हा आमचा तेव्हाचा शिरस्ता. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

पुढे वीस-बावीस वर्षांनी, २००८ साली, बातमी आली की जेथ्रो टल मुंबईत येणार, सोबत अनुष्का शंकर यांची सतार, तारीख २९ नोव्हेंबर. तिघांनीही तिकिटे काढली. चाळिशीतली माणसे, पण पोरांसारखी दिवस मोजू लागलो.

आणि २६ नोव्हेंबरची रात्र उगवली. ती मुंबईकराला नव्याने सांगायला नको. तीन दिवसांत १६६ माणसे मारली गेली. गोळीबार सर्वस्वी थांबला तो २९ तारखेच्या सकाळी. म्हणजे ज्या दिवशी आम्ही बासरी ऐकायला जाणार होतो, त्याच दिवशी. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातला धाकटा मुलगा नोकरीनिमित्त सोलापूरला असे. चार दिवस आईकडे राहून तो त्या रात्री परत निघाला होता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लांबच्या गाड्यांच्या दालनात तो गाडीची वाट पाहत बसला होता. त्याच रात्री, त्याच स्थानकावर, विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक ध्वनिक्षेपकावरून लोकांना सुरक्षित वाटेने बाहेर पडायला सांगत राहिले आणि त्या आवाजाने कितीतरी जीव वाचवले. आमच्या शेजारच्या मुलापर्यंत मात्र तो आवाज वेळेत पोचला नाही.

कार्यक्रम अर्थातच रहित झाला. पण दोनचार दिवसांतच कळले की तो ५ डिसेंबरला होणार. नाव ‘अ बिलियन हँड्स कॉन्सर्ट’, म्हणजे शंभर कोटी हात, आणि तो हल्ल्यात होरपळलेल्यांच्या साहाय्यार्थ.

५ डिसेंबर हा आमच्या शेजाऱ्यांकडचा दहावा दिवस. सकाळी मी त्यांच्याबरोबर बाणगंगेला गेलो होतो. कावळा शिवायला फार वेळ लागला. थोरल्या भावाने, वहिनींनी, काकूंनी, ज्याला जे सुचेल ते वचन दिले. आणि माझ्या खिशात संध्याकाळचे तिकीट होते.

जावे की न जावे? प्रश्न एवढाच, पण त्याने मला फार छळले. मुंबई दुसऱ्या दिवशी कामाला लागली म्हणून तिची पाठ थोपटणारे पुष्कळ भेटतात. त्यात धैर्य किती आणि पोटाची निकड किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. कामावर जाण्यात निदान सक्ती असते. गाणे ऐकायला जा, असे मला कोणीही सांगितले नव्हते.

मी स्वतःला दाखले देऊ लागलो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली होती. तरीही त्यांनी तोंडाला रंग लावला आणि भामिनी उभी केली. ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण विचार करता ध्यानात आले की हा दाखला माझ्या कामाचा नाही. तिथे दुःख गाणाऱ्याचे स्वतःचे होते. आपल्या दुःखाचे काय करायचे, हे ठरवण्याचा हक्क त्यांना होता. इथे दुःख दुसऱ्याचे आणि गाणे माझे.

मग दुसरा दाखला सुचला. पूर्व बंगालमधले हाल पाहून पंडित रविशंकरांनी आपले मित्र जॉर्ज हॅरिसन यांना साद घातली, आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी दोन मैफली झाल्या. त्याच रविशंकरांची मुलगी आता मुंबईत सतार घेऊन बसणार होती. हा दाखला अधिक जवळचा. पण त्यातही एक मेख आहे. त्या मैफलींच्या निमित्ताने जमलेला पुष्कळसा पैसा करांच्या घोळात कित्येक वर्षे अडकून पडला. तेव्हा ‘पैसा दिला म्हणून गाणे निर्दोष’ हा हिशेब तिथेही सरळ बसत नाही. आणि माझ्यापुरते बोलायचे तर पैसे पाठवून मला घरी बसता आले असते. तिकिटाची रक्कम सत्कार्याला जाते म्हणून मैफलीला बसायचे, म्हणजे विवेकाला लाच देऊन गप्प करण्यासारखेच की! न्यूयॉर्कला जे ताबडतोब घडले ते निराळेच. ज्या देशाचे नावही अनेकांनी ऐकले नव्हते, ते नाव एका दिवसात जगाच्या तोंडी बसले. ‘आम्ही तुमच्याचसाठी गातो आहोत’ असे कोणीतरी उघडपणे म्हटले.

त्या संध्याकाळी मात्र मला एवढे सुचले नव्हते. मी कपडे केले आणि जिना उतरू लागलो. पहिल्या मजल्यावरचे दार उघडेच होते. काकू उंबऱ्याशी बसल्या होत्या.

“निघालास?” त्यांनी विचारले.

“हो काकू. जरा ऑफिसचे काम निघाले.”

“काहीतरी खाऊन तरी जा. सकाळपासून आमच्याबरोबर उपाशी आहेस.”

मी मान हलवली आणि भराभर खाली उतरलो.

मैफल कशी झाली म्हणाल, तर माझे मित्र अजून तिच्या आठवणी काढतात. दर वर्षी ५ डिसेंबरला आम्ही कोणा एकाच्या घरी जमतो, जुन्या तबकड्या लावतो, आणि मग सुरू होते. अँडरसन उजव्या पायावर उभा होता की डाव्या, यावर दोघांचे अजून एकमत नाही. साठी उलटलेला माणूस इतका वेळ तोल सावरतोच कसा, यावर मात्र आहे. बासरी आणि सतार एकत्र आल्या तेव्हा अंगावर काटा आला, हे तमिळ मित्र दर वर्षी त्याच शब्दांत सांगतो, आणि आम्हांला ते दर वर्षी नवे वाटते. अशा आठवणी हे सोबत्यांचे सामाईक धन असते. एकट्याने सांभाळले तर ते झिजते, वाटले तर वाढते.

मला स्वतःला फार थोडे आठवते. अँडरसनच्या बासरीत सुराबरोबर त्याचा श्वासही ऐकू येतो, खरखरीत, अगदी कानाशी. तो श्वास ऐकला आणि मला बाणगंगेच्या पायऱ्या आठवल्या. डोळे भरून आले. त्या आठ-दहा दिवसांत मी प्रथमच रडलो. म्हणजे गाण्याने मला दुःखापासून दूर नेले नाही, दुःखाजवळच नेले. असे असूनही पुढे वर्षभर मित्रांच्या बोलण्यात मी मोकळेपणी सामील होऊ शकलो नाही. आठवण गोड होती आणि घशाखाली उतरत नव्हती. मला वाटे, जाण्यातच पाप होते.

पुढच्या वर्षीची दिवाळी आली. पहिल्या मजल्यावर अर्थातच कढई चढली नाही. बायकोने फराळाचे ताट माझ्या हाती दिले. काकूंनी फराळ आपल्या डब्यांत काढून घेतला, ताट पुसले आणि त्यात मूठभर साखर घातली. “ताट रिकामे परत करू नये,” त्या म्हणाल्या. मला राहवले नाही. गेल्या डिसेंबरात दहाव्याच्या दिवशी मी कुठे गेलो होतो, ते मी सांगून टाकले.

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गाणे ऐकायला?”

“हो. ज्यांच्याकडे माणसे गेली, त्यांच्या मदतीसाठीच होते.”

“मदतीचे राहू दे. मी ‘जा’ म्हटले असते की नाही, ते आता नाही सांगता येणार. कदाचित रागावलेही असते. पण तू सांगायला हवे होतेस. माझा मुलगा गेला, म्हणून का माझ्याशी खोटे बोलायचे?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आमच्या दारावरून सगळे हळू बोलत जातात रे. वर्ष झाले, जिन्यात कोणी मोठ्याने हसलेले ऐकले नाही. त्याला किती गाणी लागायची! रेडिओ बंद कर म्हणून ओरडायची मी.”

आणि त्या मुलाविषयी बोलू लागल्या. तासभर बोलल्या. वर्षभरात मी त्यांच्यासमोर त्याचे नावही काढले नव्हते.

त्या दिवशी साखरेचे ताट घेऊन जिना चढताना आईच्या चकलीचे कोडे मला उलगडले. दुःखाच्या घराने स्वतः गोड करू नये, कारण करायची ताकद त्याला नसते. पण शेजाऱ्याने आपल्या घरचे गोड लपवूनही ठेवू नये. तसे केले तर त्या घराभोवती आपण शांततेची एक भिंत बांधतो, आणि तिला आदर असे नाव देतो. ताट फडक्याने झाकलेले असते हे खरे, पण ते जिन्यातून सर्वांदेखत जाते. त्याचा अर्थ असा की आमच्याकडे सण आहे, हे आम्ही तुमच्यापासून चोरत नाही. त्यात तुमचाही वाटा आहे. घ्या अथवा राहू द्या.

ते वादक तसे ताट घेऊन आले होते. कोणासाठी वाजवतो, ते त्यांनी नावातच सांगितले होते. चुकलो तो मी. ऐकायला जाण्यात माझी चूक नव्हती, जिन्यातल्या त्या एका वाक्यात होती. शोक असलेल्या दारावरून जाताना ज्या आनंदाचे नाव सांगता येते, तो आनंद खुशाल घ्यावा. ज्याचे नाव सांगताना जीभ अडखळते, तो घेण्याआधी दोनदा विचार करावा. निदान खोटे तरी बोलू नये.

यंदाच्या मोजदादीत पुन्हा पहिला मजला आहे. काकू श्रावणात गेल्या, ऐंशी उलटून, झोपेत. त्यांचा थोरला मुलगा आता तिथे असतो. उद्या त्याच्याकडे ताट घेऊन मी जाणार आहे, आणि येत्या ५ डिसेंबरला गाणी माझ्या घरी आहेत, हेही सांगणार आहे. येशील का, म्हणून विचारीन. नाही म्हणाला तर ताट ठेवून परत येईन.