दया नको, दाम हवा

लखनऊ छावनीच्या सदर बाजारात चिकनचा कुर्ता घेताना आपण घासाघीस करतो. त्याच संध्याकाळी गरीब भगिनींसाठी दानही देतो. यांपैकी सेवा कोणती?

चिकनच्या कापडावर आधी ठशांनी नक्षी छापतात, मग स्त्रिया घरी बसून टाके घालतात, शेवटी धुलाई होते. सर्वांत जास्त वेळ जातो टाक्यांत. पण मजुरी नगावर, आणि तीही मध्यस्थ ठरवतो. जी कधी बाजारात गेलीच नाही, तिला आपल्या कामाचे मोल कसे कळणार? १९८४ मध्ये रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘सेवा लखनऊ’ने हे बदलायला घेतले. कारागीर स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि मध्यस्थाला वगळून त्यांचे काम बाजारात नेले.

आपल्या मुंबईत १९५९ साली सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हा त्यांचा निश्चय होता.

दानात एक हात वर असतो, एक खाली. योग्य दामात दोन्ही हात समान पातळीवर येतात. आजारी, वृद्ध यांना दान हवेच. पण कष्ट करणारीचे दाम कापून केलेले दान म्हणजे तिचेच तिला अर्धवट परत देणे.

पुढच्या खरेदीत भाव पाडण्याआधी एवढेच विचारा : यातले किती त्या हातांपर्यंत पोहोचते? उत्तर मिळेल तिथून घ्या. चार पैसे जास्त लागतील. तीही साधनाच आहे.