दुसऱ्याच्या मापाचं

आमच्या आईच्या लेखी 'मापाचं' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा आहे. कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. माझी शाळेची पँट पहिल्या वर्षी खाली दोनदा दुमडलेली असायची, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि तिसऱ्या वर्षी घोट्याच्या वर गेली की धाकट्याच्या वाट्याला जायची, तिथे पुन्हा दोनदा दुमडून. बुटांचंही तेच. पुढच्या टोकाला कापूस कोंबून मी पाचवीचं अख्खं वर्ष काढलं. आता हिशेब केला तर त्या बुटाच्या तीन वर्षांत तो मला नेमका बसला असेल तो फार तर महिनाभर. त्याआधी सैल, त्यानंतर घट्ट. तो महिना कधी आला आणि कधी गेला हे माझ्याही लक्षात आलं नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं पुतणीच्या स्केट्सचं. तेरा वर्षांची आहे, इनलाइन हॉकी खेळते. नाशिक रोडला राहून हॉकीचे स्केट्स म्हटलं की लोक आधी विचारतात, बर्फ कुठे आहे? बर्फ लागत नाही. एका ओळीत चार चाकं बसवलेला बूट, हातात स्टिक आणि खाली सपाट फरशी किंवा काँक्रीट, एवढ्यावर खेळ होतो. पहाटे रस्ता मोकळा असतो तोवर ती सराव करते. दूधवाले आणि इथल्या नोटांच्या प्रेसच्या पाळीची माणसं सुरू झाली की घरी येते.

कॅनडाहून परतलेल्या एका मराठी कुटुंबाकडे त्यांच्या मुलाचा एक जोड पडून होता. मूळचा आइस हॉकीचा. तळाचं पातं काढून, रिव्हेट मारून त्याला चाकांची चौकट बसवलेली. लांबी पुतणीच्या पायाला जुळत होती, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी, आणि मुख्य म्हणजे तो कस्टम होता. मुलाच्या दोन्ही पायांचं स्कॅन करून, उजव्याचा उजव्यासारखा आणि डाव्याचा डाव्यासारखा बेतलेला. जिभेच्या आतल्या बाजूला त्या मुलाचं नावही होतं.

"ऑर्डर देऊन केलेला आहे ना, मग टिकेल," आई म्हणाली. "पण एक नंबर मोठा नाही का मिळत? पोरीचा वाढता पाय आहे."

आईला काय सांगणार? हॉकीचा स्केट रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहानच घ्यायचा असतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोपीला पुसटशी लागावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत, आणि टाच मागच्या खोबणीतून हलता कामा नये. टाच उचलली गेली की घोट्याचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी बुटातच जिरतो, शिवाय कातडं सोलवटतं ते वेगळं. वाढत्या मापाचा स्केट म्हणजे मुरगळलेल्या घोट्याला आमंत्रण. आणि पाय वाढता आहे हे तरी कशावरून? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय मुलींच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षी कळसाला पोचते आणि मुलांची पंधराव्या-सोळाव्या, असं त्यात दिसलं. म्हणजे आमची पुतणी 'वाढत्या पायाची' राहिलेली नव्हती. तिच्या आजीला हे अजून पटलेलं नाही.

आम्ही जोड घेतला. कस्टम हा शब्द ऐकून माझं डोकं थोडं फिरलं होतं, हे कबूल करतो. मला वाटलं, तयार बूट म्हणजे कामचलाऊ आणि मापावर केलेला म्हणजे उत्तम. मग तो वापरलेला का असेना, उत्तमच. हा विचार साफ चुकीचा होता. तयार बूट कुणाचाच नसतो, म्हणून थोडाथोडा सगळ्यांचा होऊ शकतो. त्याच्या आत एका सरासरी पायाचं गृहीत असतं, आणि सरासरीत चार बाजूंनी जरा जरा मोकळी जागा राहते. मापावर केलेल्या बुटात ती जागा मुद्दाम काढून टाकलेली असते. पैसे त्याचेच मोजलेले असतात. पहिल्या मालकाच्या पायाला तो जितका घट्ट ओळखतो, तितका दुसऱ्याला परका. शिंप्याने तुमच्या अंगावर बेतलेला सदरा तुमच्याच उंचीच्या मित्राला घालून बघा. दुकानातला तयार सदरा त्याला जास्त बरा बसेल.

गंमत अशी की आज चैन वाटणारी ही गोष्ट एके काळी गावोगाव साधी होती. बलुत्यावर चांभार शेतकऱ्याच्या पायाचं माप घ्यायचा, कमावलेलं कातडं रापीने कापायचा, आरीने टाके घालायचा आणि सुगीला धान्य घेऊन जायचा. पायताण असलंच तर ते मापाचं असायचं, नाहीतर अनवाणी. ज्याच्या हातून गावाचे जोडे व्हायचे त्याला स्वतःला कुठल्या गल्लीतून जोडा घालून जाता येतं आणि कुठून नाही, हे मात्र गाव ठरवायचं. म्हणून जुन्या हस्तकलेचे गोडवे गाताना माझी जीभ जरा अडखळते. कारखान्यातला तयार बूट आला तेव्हा एक नाजूक गोष्ट हरवली खरी. पण पैसे टाकले की कुणालाही तो घेता आला, माप घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या जातीचा प्रश्न उरला नाही. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण बुटाविषयी नाही, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

आकड्यांची म्हणजे नंबरांची पद्धत आपण इंग्रजांकडून घेतली. त्यांचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि ते माप आलं जवाच्या दाण्यावरून. आपल्याकडे कौटिल्यानेही आठ यवांचं एक अंगुळ धरलं आहे. मोजायला निघालेली माणसं इथे-तिथे एकाच धान्यापाशी थांबली, हे मला फार आवडतं. पण जव लांबी मोजतो, रुंदी नाही. त्याच चेन्नईच्या पाहणीत भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायापेक्षा रुंद निघाला, म्हणून आपली वेगळी मापपद्धत सुचवली गेली. तिला नाव दिलंय 'भा'. तोवर आपण काय करत होतो? रुंदी मिळावी म्हणून लांबीत एक नंबर मोठा घेत होतो. आईच्या वाढत्या मापामागे हेही एक कारण असेल का, असं आता मनात येतं.

तर, पहिल्या आठवड्यातच पुतणी म्हणाली, "काका, उजवा एकदम भारी आहे, पण डाव्यात टाच उचलतीये." तिच्या सरांनी तिला बसवलं, नाड्या न बांधता जीभ पुढे ओढली आणि वरच्या तीन छिद्रांच्या जोड्यांवर आडवी पेन्सिल ठेवली. पेन्सिल पायाला न टेकता दोन्ही कडांवर बसली, तर बुटाची खोली पुरेशी. पायावर डुगडुगली तर बूट उथळ. खोली पुरेशी होती. बिघाड दुसरीकडे होता.

मग मी तो जोड पिशवीत घालून बिटको चौकाच्या बाजूला बसणाऱ्या एका दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. स्केट त्यांनी आयुष्यात हातात घेतला नसावा. आधी चाकं फिरवून पाहिली, हसले. मग चाकांकडे पाठ फिरवली आणि आतला तळवा उपसून काढला. ही गोष्ट मला खरेदीच्या वेळी सुचली नव्हती. तळव्यावर पाच बोटांचे आणि टाचेचे ठसे उमटलेले होते, भांड्याच्या बुडाखाली मेण दाबावं तसे. "अंगठ्यावर जोर देतो हा पोरगा," मामा म्हणाले. मग डाव्या बुटात मनगटापर्यंत हात घालून डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "घोट्याच्या बाहेर हाड आलंय याचं. त्याच्यासाठी खड्डा केलाय इथं. तुमच्या पोरीला ते हाड नाही, मग पाय त्या खड्ड्यात पडतो आणि मागून टाच सुटते."

कॅनडातल्या यंत्राने टिपलेलं हाड नाशिक रोडला एका माणसाने बोटांनी वाचलं. मी त्या मुलाला कधी पाहिलेलं नाही, पण त्याचा डावा घोटा आता मला माहीत आहे.

उपाय होता, अर्धाच. हे बूट ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की नरम पडतात. तसेच पायात घालून, नाड्या वर न खेचता बाहेरच्या बाजूला ओढून बांधायच्या, आणि थंड होईपर्यंत उभं न राहता बसून राहायचं. पायाचा आकार त्यात उतरतो. जिथे टोचतं तिथली बाजू तापवून बाहेर ढकलूनही देता येते. पण हे काम एकाच दिशेने नीट होतं. अडचण असेल तिथे जागा करून देता येते. नको तिथे झालेली जागा बुजवणं कठीण. आत नमद्याची किंवा फोमची गादी चिकटवायची, ती दोन महिन्यांत दबते, पुन्हा चिकटवायची. आणि बूट पुन्हा पुन्हा तापवला की आतला गोंद सुटू लागतो.

आम्ही गादी चिकटवली. बूट पायात रुळेल अशी आशा धरली. 'रुळणे' हा शब्द मला आपल्या भाषेचा मोठा शहाणपणा वाटतो. नवी कोल्हापुरी आधी चावते. आपण तिला तेल पाजतो, घरातल्या घरात घालून फिरतो, एखाद्या बोटाला पट्टी बांधतो, आणि मग एके दिवशी ती रुळते. चप्पल पायाकडे दोन पावलं येते, पाय चपलेकडे एक. कस्टम स्केटमध्ये ही सगळी घासाघीस कारखान्यातच उरकलेली असते, एका ठरावीक पायाशी. आपण पोचतो तेव्हा बोलणी संपलेली असतात.

आम्हा नाशिक रोडच्या लोकांना वापरलेल्या वस्तूचं कौतुक कमी असायला नको खरं तर. इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. नोटेइतकी सेकंडहँड वस्तू दुसरी कोणती असेल? हजार हातांतून जाते, मळते, घडीवर विरते, तरी पाचशेची पाचशेच राहते. सगळ्या पाचशेच्या नोटा 66 मिलिमीटर रुंद आणि 150 मिलिमीटर लांब. आधी ती कुणाच्या खिशात होती हे तिला आठवत नाही. आठवलं असतं तर बाजार बंद पडला असता. याच्या दुसऱ्या टोकाला पादुका. आषाढीला आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत निघतात. त्या कुणाच्या, एवढंच त्यांचं मोल. त्यात पाय घालायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. आमचा स्केट या दोहोंच्या मधे कुठेतरी अडकला होता. किंमत नोटेसारखी मोजून घेतलेली, आणि आठवण मात्र पादुकांसारखी पक्की.

मी हे सगळं आमच्या एका निवृत्त शेजाऱ्यांना ऐकवलं. देवळालीच्या तोफखान्यात होते, लडाखला राहून आलेत. त्यांनी माझं बोलणं उडवूनच लावलं. लडाखमध्ये लष्करी बुटांच्या तळाला घरी केलेली लोखंडी पाती बांधून पोरं गोठलेल्या तळ्यावर हॉकी शिकली, म्हणाले. तिथे कोण माप विचारत होतं? त्यांचं खरं आहे. भारताच्या महिला आइस हॉकी संघाने 2016 मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली ती मागून आणलेल्या, भेट मिळालेल्या सामानाच्या भरवशावर. पुढच्या वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 ने हरवून पहिला विजय मिळवला, आणि 2025 मध्ये आशिया चषकात कांस्य. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या. त्यांच्यापुढे आमच्या डाव्या टाचेचं रडगाणं गायला मला लाज वाटली. तरीही एक शंका राहते. ज्यांना न बसणाऱ्या बुटातही खेळता आलं ते आपल्याला दिसतात. टाच सोलवटली म्हणून ज्या घरी बसल्या त्यांची नावं कुठल्याच संघाच्या यादीत सापडणार नाहीत. 'आम्ही कापूस कोंबून चाललो, काय बिघडलं?' असं मीही भावाला अनेकदा ऐकवलंय. पाचवीत मी धावण्याच्या शर्यतीत कधी नाव दिलं नाही, हे मात्र त्यात सांगायचं राहून जातं.

दोन महिन्यांनी गादी दबली. आम्ही ती पुन्हा लावली नाही. पुतणीसाठी तयार जोड मागवला, लांबी नेहमीप्रमाणे, रुंदी एक घर जास्त. तो उजव्याला जरा कमी छान बसतो आणि डाव्याला बराच चांगला, आणि दोन्ही पाय त्यात हळूहळू रुळताहेत. आजीने त्यातही बोट घालून पाहिलं आणि मान हलवली: जागा नाही.

जुना जोड कपाटावर ठेवला आहे. तळवा मामांनी परत जागेवर बसवून दिलाय, ठशांसकट. तुमच्या ओळखीत एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या डाव्या घोट्याचं हाड बाहेरून जरा पुढे आलेलं असेल, तर कळवा; निम्म्याच्याही निम्म्या किमतीत देऊ. फक्त फोनवर नंबर सांगू नका. पोराला सोबत घेऊन या.