पंचाचा निकाल आणि खेळाडूची साक्ष

पंच होऊं इच्छिणाऱ्याची परीक्षा घ्यावी, हें सर्वांस मान्य होईल. परंतु त्या परीक्षेंत त्याचें काय तपासतां येतें आणि काय तपासतां येत नाहीं, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. महाराष्ट्रांत कबड्डी व खो-खो या खेळांच्या संघटना पंचांच्या परीक्षा घेतात. शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल या परदेशी खेळांचाही समावेश झाला असल्यामुळें, त्यांचे नियम शिकणें व शिकविणें हें कामही शिक्षकांवर येऊन पडतें. आमच्या बिलोलीकडील मुलें हुतूतू खेळत वाढतात. तीं निदानरेषा कोठें असते हें झोपेंतही सांगतील, पण बेसबॉल पुष्कळांनीं पाहिलाही नसेल. म्हणून त्याविषयीं चार शब्द आधीं सांगणें भाग आहे.

एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा असतात. त्यांस बेस म्हणतात. एक गडी चेंडू टाकतो, दुसरा तो दांड्यानें टोलवितो आणि पहिल्या बेसकडे धांवत सुटतो. चारही बेस क्रमानें शिवून तो घरीं परत आला म्हणजे त्याच्या पक्षास एक धांव मिळते. थोरांच्या खेळांत दोन बेसमधील अंतर ९० फूट असतें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत विल्यम्सपोर्ट या गांवीं कार्ल स्टॉट्झ नांवाच्या गृहस्थांनीं सन १९३९ मध्यें मुलांसाठीं लिटल लीग सुरू केली. तिच्यांत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं हें अंतर ६० फूट असतें. तेथें मुलांच्या सामन्यांस पंच म्हणून उभे राहणारे बहुतेक लोक मोबदला न घेतां तें काम करतात. कोणाचा बाप, कोणाचा शेजारी, असे ते असतात. त्यांच्या ज्ञानाची परीक्षा पाहण्यासाठीं जे प्रश्न काढले जातात, त्यांच्या धर्तीवरचे तीन येथें घेऊं.

पहिला प्रश्न : चेंडू आणि धांवणारा पहिल्या बेसवर एकाच क्षणीं पोहोंचले, तर निकाल काय? नियमाचा अर्थ असा आहे कीं, धांवणाऱ्यानें बेस शिवण्याच्या आधीं चेंडू हातांत असलेल्या गड्यानें तो शिवला असेल, तरच धांवणारा बाद. एकाच क्षणीं म्हणजे आधीं नव्हे. तेव्हां शब्दांप्रमाणें तो बाद नाहीं. दुसरा प्रश्न : धांवणाऱ्यानें दुसरा बेस न शिवतांच तिसरा गांठला; पंचानें तें पाहिलें, पण विरुद्ध पक्षाच्या कोणाच्याही तें लक्षांत आलें नाहीं. पंचानें काय करावें? उत्तर : गप्प राहावें. विरुद्ध पक्षानें पुढचा चेंडू टाकण्यापूर्वीं दाद मागितली, तरच त्यानें बाद द्यावें. तिसरा प्रश्न : पंचाच्या निकालाविरुद्ध तक्रार केव्हां चालते? पंचानें नियमाचा अर्थ चुकीचा लाविला असेल तर चालते. चेंडू आधीं आला कीं पाय आधीं पडला, हें त्याच्या डोळ्यांस जसें दिसलें त्याविरुद्ध चालत नाहीं.

हा तिसरा नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. पंचाच्या ठायीं दोन गोष्टी असाव्या लागतात : पुस्तकाचें ज्ञान आणि डोळा. पहिलीची परीक्षा कागदावर घेतां येते, तिच्यांतील चूक दाखवितां येते व सुधारतां येते. दुसरीची परीक्षा खेळ चालू असतां त्या एका क्षणांतच होते, आणि तो क्षण पुन्हां येत नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शंभर वेळां बिनचूक लिहिलेल्या पंचासही चेंडू खरोखर आधीं आला कीं नाहीं हें पुस्तक सांगत नाहीं.

पुस्तकाचें महत्त्व मात्र कमी लेखूं नये. हुतूतूचे पूर्वीं संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार होते. संजीवनींत विरुद्ध पक्षाचा गडी बाद झाला म्हणजे आपला बाद झालेला गडी जिवंत होई. गामिनींत मेलेला गडी मेलेलाच राही. अमरमध्यें बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजले जात. आमच्या सीमेपलीकडे तेलुगू बोलणाऱ्यांत हाच खेळ चेडुगुडु या नांवानें चालतो. एक गांव संजीवनीचें आणि दुसरें गामिनीचें, अशीं दोन गांवें समोरासमोर आलीं म्हणजे खेळापूर्वींच भांडण ठरलेलें! खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें सन १९१४ मध्यें बसविले. पुढें कबड्डीचेही एक झाले. आतां कोणासही न शिवतां आणि निदानरेषा न ओलांडतां चढाई करणारा परत फिरला तर तो बाद, हें बिलोलींत आणि मुंबईंत सारखेंच. एका जातीचें भांडण त्यामुळें मिटलें.

दुसऱ्या जातीचें मिटलें नाहीं. बोटाचें टोंक सदऱ्यास लागलें कीं नाहीं? दम सुटला कीं टिकला? एक सरपंच व दोन पंच असूनही सात जणांच्या धुळींत हें नेहमीं दिसत नाहीं. पंच परगांवचा आणावा हा एक उपाय आहे आणि तो चांगला आहे. सन १९८६ मध्यें पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या लाहोर येथील कसोटी सामन्यासाठीं मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच बोलाविले होते, तेव्हां या उपायाची मोठी वाखाणणी झाली. पण परका पंच आणल्यानें पक्षपात जातो. धूळ जात नाहीं. ज्यास शिवलें गेलें त्या गड्यास मात्र तें ठाऊक असतें. बाकी सर्वजण अनुमान करतात, तो एकटा जाणतो.

आतां खरा प्रश्न येतो. पंचानें पाहिलें नाहीं आणि आपणांस ठाऊक आहे, तर बोलावें कीं नाहीं? पुष्कळ जण म्हणतात, निकाल देणें पंचाचें काम, आमचें खेळणें. आम्हीं मध्यें तोंड घातलें तर पंचाचा मान राहणार नाहीं. या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नव्हे. प्रत्येक निकालावर चौदा गडी बोलूं लागले तर खेळ एक घटकाही चालणार नाहीं. तथापि येथें दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि ती मुंबईंत सन १९८० च्या फेब्रुवारींत घडलेल्या एका प्रसंगावरून चांगली उमगते.

क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांचा कसोटी सामना चालला होता. इंग्लंडचे ५ गडी ५८ धांवांत बाद झाले होते. अशा वेळीं बॉब टेलर या फलंदाजास पंच हनुमंतराव यांनीं झेलबाद दिलें. चेंडू आपल्या फळीस लागलाच नाहीं असें टेलर यांस वाटत होतें, म्हणून ते घुटमळले. जवळच उभे असलेले भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांचीही तशीच खात्री होती. त्यांनीं पंचांस तसें सांगितलें, निकाल मागें घेतला गेला आणि टेलर पुन्हां खेळूं लागले. त्यांनीं व इयन बोथम यांनीं सहाव्या जोडीस १७१ धांवा केल्या आणि इंग्लंडनें तो सामना दहा गडी राखून जिंकला.

विश्वनाथ यांनीं आपल्या दहा सोबत्यांचें नुकसान करण्याचा अधिकार कोठून आणिला, असें कोणी विचारील. हा आक्षेप पोकळ नाहीं; स्वतःचें द्रव्य देणारा आणि दुसऱ्याचें देणारा यांत भेद आहेच. परंतु तो गडी बाद झालाच नव्हता, तर त्याचा बळी ही त्या दहांची मालमत्ताही नव्हती. आणि पंचाच्या मानाविषयीं म्हणाल, तर आपल्या लाभासाठीं जो वाद घालतो तो पंचास खालीं ओढतो. आपली हानि सोसून जो साक्ष देतो तो पंचास न दिसलेलें त्याच्या हातीं देतो. पहिल्याचें तोंड बंद करण्यासाठीं जो नियम केला, तो दुसऱ्यास लावूं नये. क्रिकेटच्या नियमांतही, कर्णधारानें पंचाच्या संमतीनें आपली मागणी परत घ्यावी अशी सोय ठेविली आहे.

निकाल चुकीचा होऊन आपल्यावरच आला, तर काय करावें? सन २०१० च्या जून महिन्याच्या २ तारखेस अमेरिकेंत डेट्रॉइट येथें आर्मांडो गालारागा या चेंडू टाकणाऱ्या खेळाडूनें ओळीनें २६ गडी एकासही बेस गांठूं न देतां बाद केले. सत्ताविसावाही बाद झाला असता, तर तेथील सर्वोच्च संघांच्या सामन्यांत तोंवर २० वेळांच साधलेला पराक्रम त्याच्या नांवें लागला असता. चेंडू आधीं आला होता. पण पंच जिम जॉइस यांनीं धांवणाऱ्यास बाद दिलें नाहीं. गालारागा किंचित् हंसला, परत फिरला आणि पुढच्या गड्यास बाद करून त्यानें सामना संपविला. खेळानंतर जॉइस यांनीं चित्रफीत पाहिली, आपली चूक उघडपणें कबूल केली आणि रडत त्याची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीं खेळाडूंची यादी पंचांच्या हातीं देण्यास गालारागा स्वतः गेला. निकाल मात्र बदलला नाहीं. अधिकाऱ्यांनीं तो फिरविण्यास नकार दिला. पुढचा गडी बाद झालाच होता, फिरविल्यानें कोणाचेंच नुकसान नव्हतें, म्हणून तो फिरवावयास हवा होता असें आमचें मत आहे. पण गालारागानें तो मान्य केला म्हणजे खोट्यास खरें म्हटलें, असें कोणी समजूं नये. सामना पुढें चालावा एवढेंच त्यानें मान्य केलें. सन २०१४ पासून तेथें अशा निकालांची चित्रफितीवरून फेरतपासणी होऊं लागली. आमच्या गांवच्या पटांगणावर ती सोय नाहीं.

पंच या शब्दाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस तो शब्द गोड लागणार नाहीं. जातीच्या पंचांनीं कुटुंबेंच्या कुटुंबें वाळींत टाकलेलीं त्यांनीं ऐकिलीं आहेत. त्या अन्यायाविरुद्ध महाराष्ट्रास सन २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा करावा लागला. त्या पंचांनीं नियमांचें पुस्तक कधीं कोणास दाखविलें नाहीं आणि कसली परीक्षाही दिली नाहीं. खेळाचा पंच ज्या पुस्तकाप्रमाणें निकाल देतो, तें पुस्तक बारा वर्षांच्या मुलासही उघडून पाहतां येतें.

आतां त्या दुसऱ्या प्रश्नांतील मुलाकडे वळूं. त्यानें बेस शिवला नाहीं. पंच नियमाप्रमाणें गप्प आहे, विरुद्ध पक्ष अजाण आहे. त्यानें स्वतः सांगावें काय? विश्वनाथ यांच्या वेळीं दुसऱ्यावर चुकीचा निकाल आधींच लादला गेला होता. येथें अजून निकालच नाहीं, आणि दाद मागण्याचें ओझें नियमानें विरुद्ध पक्षावरच ठेविलें आहे. तेव्हां त्याच्या मौनास असत्य म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. पंचानें किंवा गुरुजींनीं विचारल्यावर तो ‘शिवला’ म्हणाला, तर मात्र तें उघड असत्य. पण न विचारतांच तो तिसऱ्या बेसवरून मागें फिरून दुसरा बेस शिवावयास गेला, तर? नियम तशी मुभा देतो. वाटेंत त्यास पकडून बाद करण्याचा संभव आहे, एवढेंच. आमच्या मंडळींतील एका शिक्षकांचें म्हणणें असें कीं, मुलानें परत जावें. दुसऱ्यांचें म्हणणें, त्यानें जावें अशी अपेक्षा धरणें म्हणजे खेळाच्या नियमांवर आपले नवे नियम रचणें होय. आमचा कल पहिल्यांकडे आहे, पण दुसऱ्यांस आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. शाळांतून नियमांची परीक्षा घ्याल तेव्हां हा चवथा प्रश्न अवश्य घाला. त्यास गुण देऊं नका, मुलांचीं उत्तरें मात्र वर्गांत मोठ्यानें वाचून घ्या.