शौच, अहिंसा आणि उद्योग

माझा भाचा चेन्नईस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. गेल्या खेपेस मी तेथे गेलो असता त्याने विचारले, "मामा, नोकरी न धरता मैल्याच्या टाक्या साफ करणाऱ्या यंत्रांचा उद्योग काढावा असे मनात आहे. आपल्या संस्कारांत हे बसते का?" माझी भगिनी तत्काळ म्हणाली, "हे कसले खूळ!" मला मात्र उत्तर सुचेना.

हे त्याच्या मनात कोठून आले, ते सांगितले पाहिजे. मद्रास आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक प्रभु राजगोपाल यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पातून 'होमोसेप' हे यंत्र सिद्ध झाले. त्याची फिरती पाती टाकीच्या तळाशी घट्ट बसलेला गाळ घोटून पातळ करतात व मग तो पंपाने ओढून घेतात. २०२२ साली तामिळनाडूत पहिली यंत्रे, ज्यांचे पती अशाच कामात दगावले, त्या स्त्रियांच्या बचतगटांकडे गेली. संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही विषारी वायूने माणसे मरतात.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अहिंसा आणि शौच ही दोन्ही एकाच श्लोकात येतात. मी हा अध्याय कित्येकदा शिकविला. परंतु आपल्या घरचे शौच दुसऱ्याच्या प्राणावर उभे असेल तर त्या श्लोकाचे काय होते, हे मला भाच्याच्या प्रश्नापूर्वी सुचले नव्हते. सोवळे आपणांस स्वच्छता शिकविते, आणि ती कोण करतो हे न पाहण्यासही शिकविते. मुलाची दृष्टी संस्काराने वळते, तशीच ती संस्काराने झाकलीही जाते.

यावर कोणी अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवील. अग्नीस जसा धूर, तसा प्रत्येक कर्मास दोष असतो, हे खरे. परंतु ते वचन कर्त्याने स्वतःच्या कर्माविषयी मानावयाचे आहे. दुसऱ्यास टाकीत ढकलून त्याच्या समाधानासाठी म्हणावयाचे नव्हे.

नफ्याचे म्हणाल तर गीतेला त्याचे वावडे दिसत नाही. वाणिज्य हेही तेथे कर्मच आहे. तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे ते, मिळालेले परत न देता एकट्यानेच भोगणाऱ्यास. यंत्र विकून मिळालेल्या पैशातून पुढचे यंत्र स्वस्त झाले, तर तो यज्ञचक्राचाच फेरा होय. उलट, फळाची आशा धरू नये असे रोज पारायणात म्हणणारे आपण गृहस्थ मुलाच्या पहिल्या पगाराची हमी मात्र आधी मागतो! यात मीही आलो. माझ्या मुलास मी बँकेतच घातले.

भाच्याने अजून नोकरीचा अर्ज भरलेला नाही. भगिनी मला बोल लावते, आणि मी तो ऐकून घेतो. त्याने मागितलेल्या वर्षभराच्या खर्चापैकी अर्धा भार मी उचलला आहे.