तिसरी तार

रोहा, आषाढ

चि. भाच्यास,

ताई फोनवर म्हणाली, गिटारची तिसरी तार गेली आणि तू ती दुरुस्तीला मुंबईला पाठवतोयस. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. तार गेलेली नाही. आवाज अर्ध्यावर आलाय आणि मागे बारीक खरखर आहे. इतक्यात कुठे पाठवू नकोस. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहून देतोय.

तुझी लाइन सिक्सची व्हॅरिअॅक्स इतर इलेक्ट्रिक गिटारींसारखी नाही. तारांखाली चुंबकाचे पिकअप तिलाही आहेत, पण खरं काम चालतं ब्रिजवर. तिथल्या सहा सॅडलांत एकेक पिझो बसवलाय. पिझो म्हणजे दाब पडला की वीज देणारा पदार्थ. स्फटिकांचा हा गुण जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला. सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल पोटातल्या प्रोसेसरकडे जातात आणि तो त्यांचा आवाज घडवतो. कधी बारा तारांच्या गिटारचा, कधी इलेक्ट्रिक सतारीचा. रोलँडने १९९५ मध्ये व्हीजी-८ काढलं तेव्हा हे करणारा डबा गिटारबाहेर असायचा. लाइन सिक्सने तो गिटारच्या आतच बसवला. लोक या गिटारला घाबरतात ते आतल्या कॉम्प्युटरमुळे. पण कॉम्प्युटर सहसा बिघडत नाही. बिघडते ती तारेपासून त्याच्यापर्यंतची वाट, आणि ती वाट तुझ्या डोळ्यांना दिसते.

म्हणून आधी मॉडेलचं बटण दाबून चुंबकाच्या पिकअपवर वाजव. तिसरी तार तिथेही दबकी वाटली तर दोष तारेत किंवा पिकअपच्या उंचीत. सगळ्याच तारा खरखरत असतील तर केबल किंवा जॅक. चुंबकावर ठणठणीत आणि मॉडेलवर बसकी असेल, तर सगळी मॉडेलं फिरवून बघ. एकाच मॉडेलमध्ये कमी येत असेल तर तो बिघाड नव्हे. गिटार तू जुनी घेतलीस. आधीच्या मालकाने वर्कबेंच या सॉफ्टवेअरमध्ये त्या तारेचा आवाज उतरवून ठेवलेला असू शकतो. तिथे काही बदलण्याआधी आहे त्याचा बॅकअप घे.

सगळीकडेच कमी येत असेल तर पेन्सिलचं मागचं टोक घे आणि अँप्लिफायर हळू ठेवून सहाही सॅडलांवर सारख्या जोराने टिचक्या मार. तिसऱ्यावर टकटक इतरांइतकीच आली तर पिझो शाबूत आहे. मग तार बदल आणि ती सॅडलच्या खाचेत नीट दाबून बसली का ते पाहा; तार तरंगत राहिली की पिझोवर दाबच पडत नाही. टकटकही बसकी आली, तर मात्र पिझो, त्याची वायर किंवा तिथे साचलेली घाण.

मला संशय घाणीचाच आहे. तू जोह्यात राहतोस. ओटीवरून उतरलं की गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि सध्या रंगकाम जोरात असणार. प्लास्टरची पूड हवेत तरंगते, कॉम्प्रेसरच्या गनमधून रंगाचा धुरळा उडतो, वर आपल्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. प्लास्टर ऑफ पॅरिसचा धर्मच असा की पाणी मिळालं की ते परत जिप्सम होतं आणि धरतं. साच्यात आपल्याला तेच हवं असतं. सॅडलच्या फटीत आणि व्हॉल्यूमच्या नॉबखाली तेच घडलं की खरखर सुरू. पिझोतून निघणारा प्रवाह इतका क्षीण असतो की ओलसर पुडीचा पातळ थरही त्याला वाट फोडून देतो. आवाज मधेच गळतो. चुंबकाच्या पिकअपला तेवढ्या ओलीने फारसं काही होत नाही, म्हणून तिथे सगळं ठीक वाटतं.

उपाय सोपा आहे, त्याला धीर लागतो. आखणीचा जुना, पूर्ण कोरडा मऊ ब्रश घे. तिसरी तार सैल करून सॅडलभोवतीची पूड बाहेरच्या दिशेने झाड. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा चुकूनही मारू नकोस. तिच्यातून पाणी येतं आणि पूड आणखी आत जाते. गंज काढायचा तेलकट स्प्रे ब्रिजवर नको. कॉन्टॅक्ट क्लीनर फक्त व्हॉल्यूम-टोनच्या पॉटला, तोही थेंबभर, बॅटरी काढून. सॅडल उपटून काढू नकोस, त्याखालून केसासारखी वायर आत जाते. मग गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आतल्या कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस बंद ठेव आणि पुन्हा टिचक्या मारून बघ. हेअर ड्रायरने घाई करू नकोस. पिझोला उष्णता सोसत नाही. सोल्डरचं टोक जास्त वेळ टेकलं तरी तो कायमचा बहिरा होतो. त्या वायरीला सोल्डर लावायची वेळ आलीच तर मी लावीन.

बॅटरी आणि वायरींबद्दल थोडं. वाजवून झालं की केबल उपटून ठेव. ती खोचलेली असेपर्यंत गिटार चालूच राहते. गिटारच्या चौकोनी खाचेत नेटवर्कच्या वायरीसारखीच वायर बसते, पण तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरला किंवा राउटरला कधी लावायचं नाही. सॉफ्टवेअर अपडेट करायचंच असेल तर लॅपटॉप आणि गिटार दोन्ही पूर्ण चार्ज करून कर. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट अपडेटने चांगली गिटार अडून बसते.

आता जे सांगतो ते गिटारहून महत्त्वाचं आहे. गणपतीत तू बेंजो पार्टीबरोबर मंडपात वाजवणार, असं ताई म्हणाली. मला आनंद झाला. मिरवणुकीतल्या आपल्या बेंजोचं मूळ जपानात १९१२ साली निघालेल्या तायशोगोतोत आहे, त्याला कोकणाने आपलंसं केलं. तुझी गिटारही त्या ताफ्यात शोभेल. पण मंडपातली वीज म्हणजे ओल्या जमिनीवर पसरलेले एक्स्टेंशन बोर्ड, आणि कित्येकांची अर्थिंगची पिन तोडलेली. गिटारच्या तारा केबलमधून अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. पेटीत वीज उतरली आणि अर्थिंग नसेल तर ती तुझ्या बोटांत येते. ओठ माइकला लागले की छातीतून आरपार जाते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. अवघा सत्तावीस वर्षांचा होता तो. अशी माणसं आपल्याकडेही गेली आहेत, त्यांची नावं छापून येत नाहीत एवढंच.

तेव्हा खिशात टेस्टर ठेव. वाजवण्याआधी अँप्लिफायरच्या आणि माइकच्या धातूला लाव. दिवा जरासा जरी पेटला तरी गिटार गळ्यात घालायची नाही, मंडळाचा अध्यक्ष कितीही घाई करो. तीन पिनांचा प्लग, बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फळी. आरसीसीबीचे पैसे मंडळ देत नसेल तर मी देतो.

मंडपात घूंऽऽ आवाज आला तर घाबरू नकोस. चुंबकावर येतो आणि मॉडेलवर जातो, असं झालं तर तो रोषणाईच्या डिमरचा. पिझो तो सहसा पकडत नाही. आणि रात्री घरी हळू आवाजात सूर बदलून वाजवलंस की सगळं बेसूर ऐकू येईल. प्रोसेसर स्पीकरमधला सूर बदलतो, खऱ्या तारा मूळ सुरातच वाजत असतात, दोन्ही एकदम कानावर येतात. हेडफोन लाव.

तिसऱ्या तारेची पूड झाडून झाली की टकटकीचं रेकॉर्डिंग पाठव, पहिल्या तारेपासून क्रमाने. फरक पडला नाही तर रविवारी हमरापूरहून रोह्याची गाडी पकड आणि केस घेऊन ये. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा